घटस्फोटानंतरची पोटगी आणि मुलांचा निर्वाहखर्च: दोन हक्क, दोन हिशेब

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातून पैशाच्या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या निर्माण होऊ शकतात. एक जोडीदाराच्या निर्वाहाची, म्हणजे पोटगीची. दुसरी मुलांचे पालनपोषण, शिक्षण आणि औषधोपचार यांच्या खर्चाची. दोन्ही रकमा बहुधा एकाच्याच खात्यातून निघतात आणि दुसऱ्याच्याच खात्यात जमा होतात. त्यामुळे त्या एकच आहेत असे धरून व्यवहार होतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. ‘एकरकमी पोटगी देऊन टाकली, आता मुलाची फी वेगळी कशाला?’ असे एक बाजू विचारते. ‘पोटगी नको असे लिहून दिले, म्हणजे मुलीचाही हक्क गेला का?’ ही दुसऱ्या बाजूची धास्ती असते.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. पोटगीचा हक्क जोडीदाराचा असतो, निर्वाहखर्चाचा हक्क मुलाचा असतो. आईवडील स्वतःच्या हक्काबद्दल आपसांत तडजोड करू शकतात, मुलाच्या हक्काचा सौदा त्यांना करता येत नाही. अर्ज, तडजोडीच्या अटी, वसुली आणि रकमेतील बदल या प्रत्येक टप्प्यावर हे तत्त्व लक्षात ठेवले तर पुढचे बरेच वाद टळतात.

दोन हक्कांमधला फरक

- हक्क कोणाचा: पोटगी जोडीदारासाठी असते. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार ती पत्नीप्रमाणे पतीलाही मागता येते. मुलांचा निर्वाहखर्च मुलांसाठी असतो; तो आईच्या किंवा वडिलांच्या हाती पडला तरी ती व्यक्ती मुलाच्या वतीने तो स्वीकारत असते.
- कधीपर्यंत: पोटगी एकरकमी, ठरावीक काळापुरती किंवा आयुष्यभराची असू शकते. मुलांचा खर्च साधारणपणे वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत असतो. अविवाहित मुलगी आणि अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे अपत्य यांना त्यापुढेही संरक्षण आहे.
- पुनर्विवाह: पोटगी घेणाऱ्या जोडीदाराने पुन्हा लग्न केल्यास पोटगी रद्द किंवा कमी करण्यासाठी दुसऱ्या बाजूला न्यायालयात अर्ज करता येतो. मुलाच्या हक्कावर आईच्या किंवा वडिलांच्या पुनर्विवाहाचा परिणाम होत नाही.
- कमाई: जोडीदार स्वतः पुरेसे कमावत असल्यास पोटगी नाकारली जाऊ शकते. आई कमावती आहे एवढ्यावरून वडिलांची मुलांबाबतची जबाबदारी मात्र संपत नाही.
- वारसा: घटस्फोटाने पती-पत्नीचा परस्परांवरील वारसाहक्क संपतो. मुलांचा संपत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलगा आणि मुलगी वडिलांचे प्रथम वर्गाचे वारस राहतात.

कोणत्या कायद्याखाली काय मागता येते

भारतात या दोन्ही विषयांसाठी एकच कायदा नाही. विवाह कोणत्या कायद्याने झाला आणि मागणी कोणाची आहे, यावर मार्ग ठरतो.

- हिंदू विवाह कायदा, १९५५: कलम २४ खाली दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मिळतो. कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी मिळते. ती हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतरही मागता येते. अज्ञान मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांचे आदेश कलम २६ खाली होतात. पोटगी आणि मुलांचा खर्च कायद्याने वेगवेगळ्या कलमांत ठेवले आहेत, म्हणून अर्जातही त्यांची मागणी वेगवेगळी करावी.
- हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६: कलम २० नुसार मुलांचा निर्वाह ही आई आणि वडील दोघांचीही जबाबदारी आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला सज्ञान झाल्यावरही याच कलमाचा आधार आहे. या कायद्यात तिच्या निर्वाहाच्या व्याख्येत लग्नाचा वाजवी खर्चही येतो.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १४४: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून या कलमाने घेतली. धर्म कोणताही असो, पत्नी, पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित पत्नी आणि अज्ञान मुले या कलमाखाली अर्ज करू शकतात. मूल विवाहसंबंधातले असो वा त्याबाहेरचे, हक्क सारखाच असतो.
- कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५: कलम २० खाली महिलेला स्वतःसाठी आणि मुलांसाठी आर्थिक मदत मागता येते. विवाह टिकून असताना झालेल्या हिंसाचाराबद्दल घटस्फोटानंतरही अर्ज करता येतो.
- विशेष विवाह कायदा, १९५४: नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहात कलम ३६ आणि ३७ खाली पोटगीची मागणी फक्त पत्नीला करता येते. मुलांसाठी कलम ३८ आहे.
- मुस्लिम कुटुंबे: घटस्फोटित मुस्लिम महिलांच्या हक्कांसाठीच्या १९८६ च्या कायद्यानुसार घटस्फोटित पत्नीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षेच्या, काळातच करून द्यावी लागते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तिला कलम १२५ चा, म्हणजे आताच्या कलम १४४ चाही मार्ग खुला आहे. मुलांचा त्या कलमाखालचा हक्क स्वतंत्र असल्याचे न्यायालयाने १९९७ मध्येच ठरवले होते.
- ख्रिश्चन आणि पारशी विवाह: घटस्फोट कायदा, १८६९ आणि पारशी विवाह व घटस्फोट कायदा, १९३६ यांत पोटगी आणि मुलांचा खर्च यांसाठी वेगवेगळी कलमे आहेत.

रक्कम कशी ठरते

‘पगाराच्या २५ टक्के’ हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मधील एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीच्या पोटगीसाठी वाजवी मानली होती, तिथून तो रूढ झाला. तो कायद्यातला नियम नाही. भारतात पोटगीचे किंवा मुलांच्या खर्चाचे ठरलेले सूत्र नाही. प्रत्येक प्रकरणात न्यायालय पुढील गोष्टी पाहते:

- दोघांचे उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे
- विवाहकाळातले राहणीमान आणि विवाहाचा कालावधी
- दोघांचे वय, शिक्षण, आरोग्य आणि कमावण्याची क्षमता
- संसारासाठी किंवा मुलांसाठी नोकरी सोडली होती का
- राहण्याची सोय आणि घरभाडे
- देणाऱ्यावर अवलंबून असलेली इतर माणसे
- मुलांच्या गरजा: शाळा, शिकवणी, प्रवास, औषधे, विशेष गरजा असल्यास त्यांचा खर्च

मुलांच्या खर्चाचा हिशेब पोटगीच्या हिशेबात मिसळू नये. प्रथम मुलाचा महिन्याचा खर्च काढावा, मग दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात तो वाटावा. समजा, शाळेची फी महिन्याला ९,००० रुपये, बसचे २,०००, शिकवणीचे ४,०००, खाणे आणि कपडे ६,०००, औषधपाणी १,००० आणि घरखर्चातील मुलाचा वाटा २,००० असा एकूण २४,००० रुपये खर्च आहे. वडिलांच्या हाती ८०,००० आणि आईच्या हाती ४०,००० रुपये येत असतील, तर उत्पन्नाच्या दोनास एक प्रमाणात वडिलांचा वाटा १६,००० आणि आईचा ८,००० होतो. हे उदाहरण फक्त पद्धत समजण्यासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० मधील एका प्रकरणात आईवडील दोघेही कमावते असताना मुलांचा खर्च दोनास एक या प्रमाणात वाटला होता. मूल ज्याच्याकडे राहते त्याने दिलेला वेळ आणि घेतलेले कष्ट पैशात दिसत नाहीत. युक्तिवादात त्यांचा उल्लेख आवर्जून करावा.

पत्नीची पोटगी त्यानंतर, स्वतंत्रपणे ठरते. डिसेंबर २०२४ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला ५ कोटी रुपये कायमस्वरूपी पोटगी दिली आणि मुलाच्या आर्थिक सुरक्षेसाठी १ कोटी रुपयांची वेगळी तरतूद करायला लावली. रकमा लहान असल्या तरी आदेशाची रचना अशीच दोन भागांत मागावी.

अर्ज करण्याचे टप्पे

१. न्यायालय निवडा. मुंबई, पुणे, नागपूर अशा ज्या शहरांत कौटुंबिक न्यायालय आहे तिथे पोटगी आणि ताब्याची प्रकरणे त्याच न्यायालयात चालतात. इतरत्र दिवाणी न्यायालय किंवा कलम १४४ साठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्याकडे जावे लागते. कलम १४४ चा अर्ज पत्नी सध्या जिथे राहते तिथेही करता येतो; सासरच्या गावी जाण्याची गरज नाही.

२. अर्जात दोन स्वतंत्र मागण्या लिहा. पहिल्या परिच्छेदात स्वतःसाठीची रक्कम, दुसऱ्यात प्रत्येक मुलासाठीची रक्कम. ‘पत्नी व मुलांसाठी मिळून अमुक रुपये’ अशी मोघम मागणी करू नका. पुढे पोटगी बंद झाली, तर मुलाचा वाटा किती होता हेच सांगता येत नाही.

३. अंतरिम आदेश मागा. मुख्य दाव्याला वर्षे लागू शकतात. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, अशी तरतूद हिंदू विवाह कायद्यात आणि कलम १४४ मध्येही आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा.

४. उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र भरा. ४ नोव्हेंबर २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालाने दोन्ही बाजूंना हे शपथपत्र बंधनकारक केले. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे. प्रतिवादीने जास्तीत जास्त चार आठवड्यांत उत्तर आणि शपथपत्र द्यायचे असते. त्याने वारंवार टाळाटाळ केल्यास त्याचा बचाव रद्द होऊ शकतो.

५. समुपदेशनाला हजर राहा. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. मुलांचा खर्च आणि भेटीच्या वेळा यांवर तिथे एकमत झाले तर ते लेखी घ्या आणि न्यायालयाच्या आदेशात समाविष्ट करून घ्या.

६. आदेशाची तारीख पाहा. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानुसार निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागू होते. आदेशात ‘आजपासून’ असे लिहिले गेले असेल तर वकिलांना लगेच विचारा.

सोबत ठेवायची कागदपत्रे

- विवाहाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, आधार कार्ड
- शाळेचा बोनाफाइड दाखला, फीच्या आणि शिकवणीच्या पावत्या
- दवाखान्याची बिले, चालू उपचार असतील तर डॉक्टरांचे पत्र
- भाडेकरार, वीजबिल, किराणा खर्चाची नोंद
- स्वतःच्या बँक खात्यांचे उतारे आणि गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे
- दुसऱ्या बाजूच्या उत्पन्नाचा मिळेल तो पुरावा: पगारपत्रक, फॉर्म १६, दुकानाचा परवाना, वाहनांची नोंद
- शेती असल्यास सात-बारा आणि आठ-अ उतारे, उसाची किंवा दुधाची बिले, बाजार समितीच्या पट्ट्या

दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड वापरून किंवा टपाल फोडून कागद मिळवू नका. नियोक्ता किंवा बँक यांच्याकडून कागद मागवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

एकापेक्षा जास्त आदेश असतील तर

एकाच वेळी कलम १४४, हिंसाचार कायदा आणि हिंदू विवाह कायदा अशा तिन्ही मार्गांनी अर्ज करता येतात. रकमा मात्र सहसा एकावर एक चढत नाहीत. पत्नीला न्यायदंडाधिकाऱ्यांनी ८,००० रुपये दिले असतील आणि नंतर कौटुंबिक न्यायालयाने १५,००० दिले, तर आधीची रक्कम समायोजित होऊन एकूण देणे १५,००० राहू शकते.

समायोजन फक्त एकाच व्यक्तीच्या एकाच गरजेपुरते असावे. पत्नीच्या नावे असलेल्या रकमेतून मुलाची रक्कम वजा करणे किंवा त्याउलट करणे योग्य नाही. म्हणून प्रत्येक नव्या अर्जात जुन्या आदेशांची माहिती द्यावी. ती लपवणे अंगाशी येते. नव्या आदेशात प्रत्येकाची रक्कम वेगळी नमूद होईल याची काळजी घ्यावी.

एकरकमी की दरमहा

जोडीदाराच्या पोटगीसाठी दोन्ही पर्याय खुले असतात.

- एकरकमी: संबंध एकदाच संपतो, दरमहा वाट पाहावी लागत नाही. रक्कम एकदाच मिळत असल्याने महागाईचा आणि आयुर्मानाचा विचार करून ती ठरवावी लागते.
- दरमहा: परिस्थिती बदलल्यास रक्कम बदलता येते. मात्र थकबाकीचा आणि वसुलीचा धोका राहतो. मे २०२५ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० रुपये पोटगी देताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ घातली. अशी वाढ मागता येते.

प्राप्तिकराच्या दृष्टीने एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची आणि दरमहाची पोटगी उत्पन्न, असा भेद मुंबई उच्च न्यायालयाने केला आहे. मोठ्या रकमेच्या तडजोडीपूर्वी कर सल्लागाराशी बोलावे.

मुलांसाठी फक्त एकरकमी तरतुदीवर अवलंबून राहू नये. चार वर्षांच्या मुलाचा बारावीनंतरचा खर्च आज सांगता येत नाही. महिन्याची रक्कम, दरवर्षीची ठरावीक वाढ आणि उच्च शिक्षणासाठी वेगळी मुदत ठेव अशी त्रिस्तरीय रचना मुलाच्या सोयीची असते. फ्लॅट किंवा जमीन अज्ञान मुलाच्या नावावर करायची असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी: हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पालकाला ती विकता येत नाही.

परस्पर संमतीच्या अटी लिहिताना

संमतीच्या घटस्फोटात घाईने लिहिलेल्या अटींतून सर्वाधिक वाद निघतात. ‘पत्नीला व मुलांना भविष्यात कोणताही हक्क राहणार नाही’ हे वाक्य अनेक मसुद्यांत छापील मजकुरासारखे येते. पत्नीने न्यायालयासमोर पूर्ण समजून स्वतःची पोटगी सोडली असेल, तर ती पुन्हा मागणे अवघड असते. मुलांच्या बाबतीत हे वाक्य त्यांना बांधत नाही. अज्ञान मुलीचा निर्वाहाचा हक्क आईच्या लिहून देण्याने संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

मसुद्यात पुढील गोष्टी असाव्यात:

- पत्नीची किंवा पतीची पोटगी आणि प्रत्येक मुलाची रक्कम वेगवेगळ्या कलमांत
- देण्याची तारीख, खाते क्रमांक आणि उशीर झाल्यास व्याज
- वार्षिक वाढीचा दर
- फी, वैद्यकीय विमा, अचानक येणारा रुग्णालयाचा खर्च यांत कोणाचा किती वाटा
- १८ वर्षांनंतर पदवीपर्यंतचा शिक्षणखर्च कोण करणार. मुलग्याच्या बाबतीत हे लिहून घेणे विशेष गरजेचे आहे
- मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्याचे किंवा इतर बचतीचे पुढचे हप्ते
- घर हस्तांतरित होणार असेल तर दस्त नोंदणीची तारीख, मुद्रांक शुल्क आणि शिल्लक गृहकर्ज कोणाकडे
- ताबा आणि भेटीचे वेळापत्रक, सुट्ट्यांसह

एकरकमी पोटगी टप्प्यांत देण्याचे ठरल्यास शेवटचा हप्ता अंतिम हुकूमनाम्याच्या दिवशी न्यायालयासमोर द्यावा किंवा त्याआधी न्यायालयात जमा करावा.

नेहमी होणाऱ्या चुका

- भेट नाकारली म्हणून पैसे थांबवणे. भेटीचा हक्क आणि निर्वाहखर्च हे वेगळे विषय आहेत. भेट मिळत नसेल तर त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा. मुलाची फी अडवू नये. पैसे येत नाहीत म्हणून भेट बंद करणेही तितकेच चूक आहे.
- रोखीने देणे. पावतीशिवाय दिलेले पैसे न्यायालयात सिद्ध होत नाहीत. बँकेतून द्यावेत आणि व्यवहाराच्या नोंदीत ‘मुलाचा खर्च, जून’ किंवा ‘पोटगी, जून’ असे लिहावे.
- भेटवस्तू वजा करणे. सायकल, मोबाइल किंवा सहलीचा खर्च ठरलेल्या रकमेतून कापता येत नाही. शाळेत थेट फी भरण्याची सवलत हवी असेल तर ती आदेशातच घ्यावी.
- नोकरी सोडणे. पोटगी टाळण्यासाठी नोकरी सोडली तरी न्यायालय कमावण्याची क्षमता पाहते. धडधाकट माणसाला बेकारीचे कारण सांगून पत्नी आणि मुलांची जबाबदारी झटकता येत नाही.
- कमाई लपवणे. हे पत्नीलाही लागू आहे. थोडी कमाई असल्याने पोटगी आपोआप नाकारली जात नाही. खोटे शपथपत्र मात्र संपूर्ण प्रकरण कमकुवत करते.
- १८ वा वाढदिवस विसरणे. मुलगी सज्ञान होत असेल आणि शिकत असेल तर १९५६ च्या कायद्याखालील तिचा स्वतःचा अर्ज वेळेत तयार ठेवावा. कलम १४४ चे संरक्षण शारीरिक किंवा मानसिक अक्षमता नसलेल्या सज्ञान अपत्याला मिळत नाही.

पैसे येणे थांबले तर

कलम १४४ चा आदेश असल्यास थकबाकीसाठी वसुली अर्ज करावा. न्यायालय वॉरंट काढू शकते आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. कैद भोगल्याने देणे फिटत नाही. रक्कम तशीच बाकी राहते. या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देतील पुढच्या महिन्यात’ म्हणत वर्ष उलटू देऊ नका.

हिंदू विवाह कायद्याखालचा आदेश दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे दरखास्त दाखल करून वसूल होतो. तिची मुदत साधारणपणे १२ वर्षे आहे. निर्वाहाच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत पगार जप्त होऊ शकतो. साध्या कर्जवसुलीपेक्षा कायद्याने इथे जास्त कडक भूमिका घेतली आहे. हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी नियोक्त्याला पगारातून थेट रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतात. कायमस्वरूपी पोटगी देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवण्याचीही तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. देणारा मालमत्ता विकेल अशी शंका असल्यास ही मागणी सुरुवातीलाच करावी.

थकबाकीचा तक्ता दोन रकान्यांत ठेवा, एक पोटगीचा आणि एक मुलाचा. आलेली रक्कम कोणत्या रकान्यात धरली तेही लिहा.

परिस्थिती बदलली तर

नोकरी गेली, पगार वाढला, मूल आजारी पडले, शाळा बदलली, जोडीदाराने पुनर्विवाह केला, तर आदेशात बदल मागता येतो. कलम २५ मधील पोटगी, कलम २६ मधील मुलांचे आदेश आणि कलम १४४ चे आदेश, तिन्ही बदलता येतात. बदल होईपर्यंत जुनी रक्कम देणे बंधनकारक असते. पत्नीने पुनर्विवाह केल्याचे कळल्यावरही पतीने स्वतःहून पैसे बंद करू नयेत. आदेश रद्द करून घ्यावा. मुलाची रक्कम अशा वेळीही चालूच राहते. वडिलांनी दुसरा संसार केला तर नव्या कुटुंबाचा खर्च न्यायालय विचारात घेऊ शकते, पण पहिल्या मुलांचा हक्क त्याने संपत नाही.

कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार अंतिम निकालावर उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर असे अपील चालत नाही.

गोवा आणि परदेश

गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि दोघांचा त्यात निम्मा वाटा असतो. म्हणून तिथे मालमत्तेतील वाटा, पोटगी आणि मुलांचा खर्च असे तीन हिशेब वेगळे मांडावे लागतात.

अमेरिकेत मुलांच्या खर्चासाठी प्रत्येक राज्याची गणनापद्धती ठरलेली आहे आणि जोडीदाराच्या पोटगीचा निर्णय वेगळा होतो. तिथला आदेश भारतात थेट दरखास्त लावून वसूल होत नाही, कारण अमेरिका परस्पर अंमलबजावणीच्या यादीत नाही. त्या आदेशाच्या आधारे इथे नवा दावा करावा लागतो. पती परदेशी आणि पत्नी व मुले महाराष्ट्रात असल्यास इथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. अशा वेळी पतीची भारतातील मालमत्ता आणि बँक खाती यांची माहिती सुरुवातीलाच गोळा करावी.

मोफत मदत

महिला आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील नेमण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि ती सहसा मिळते.

सही करण्यापूर्वी तपासून घ्या

१. पोटगी आणि प्रत्येक मुलाची रक्कम वेगवेगळी लिहिली आहे का?
२. रक्कम कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि दरवर्षी किती वाढणार?
३. फी, आजारपण आणि उच्च शिक्षण यांचा वाटा ठरला आहे का?
४. मुलांचे हक्क सोडणारे वाक्य मसुद्यात आले असेल तर ते काढले का?
५. आधीचे सर्व आदेश नमूद होऊन त्यांचे समायोजन स्पष्ट झाले आहे का?
६. पैसे न आल्यास वसुलीचा मार्ग आणि मालमत्तेवरील बोजा लिहिला आहे का?
७. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली का? वसुलीसाठी आणि बदलाच्या अर्जासाठी ती लागते, म्हणून एकाहून अधिक प्रती घेऊन ठेवा.